मॅक्स हार्ट रेट मोजायला चढावर जाण्याआधी

मॅक्स हार्ट रेट म्हणजे हृदयाचे मिनिटाला पडू शकणारे जास्तीत जास्त ठोके. त्याचा सूत्राने येणारा आकडा आधी काढून ठेवा, पण चाचणीचं लक्ष्य म्हणून तो डोक्यात ठेवू नका. २२० वजा वय हे सूत्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालत आलं आहे. त्यासाठी खास आखलेला अभ्यास कुणी केला नव्हता. हाताशी असलेल्या आकड्यांमधून काढलेली ती ढोबळ रेघ होती. २००१ साली तानाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र दिलं. चाळिशीला दोन्हींचं उत्तर १८० येतं, साठीला मात्र जुनं सूत्र सहा ठोके कमी दाखवतं. खरी गोम वेगळीच आहे. कुठलंही सूत्र घेतलं तरी माणसामाणसात साधारण १० ठोक्यांचा फरक असतो, काहींच्या बाबतीत २० चाही. पंचेचाळिशीच्या एकाचा मॅक्स १६२ आणि दुसऱ्याचा १९० असू शकतो, आणि यातला जास्त फिट कोण हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

चाचणी सगळ्यांसाठी नाही, हे आधीच तपासा. छातीत दुखणं, चालताना घेरी, मधुमेह, रक्तदाब, घरात कमी वयात आलेला हार्ट अटॅक, किंवा चाळिशी ओलांडलेली आणि गेल्या काही महिन्यांत नियमित व्यायाम नाही, यातलं काहीही लागू असेल तर चढावर न जाता डॉक्टरांकडे जा. गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचा. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या ठोके वर चढूच देत नाहीत. अशा वेळी चाचणीही निरर्थक आणि सूत्रही. चाचणीसाठी गोळी बंद करणं तर अजिबात नाही. जुना टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी) रिपोर्ट असेल, तर त्यातला सर्वात वरचा आकडा म्हणजे आपला मॅक्स असं समजू नका; वयानुसारच्या अंदाजाच्या ८५ टक्के गाठले की टीएमटी बरेचदा तिथेच थांबवतात.

आता साधनं. या कामाला चेस्ट स्ट्रॅपच, म्हणजे छातीला बांधायचा ठोके मोजणारा पट्टाच हवा. मनगटावरचं घड्याळ त्वचेखालच्या रक्ताची हालचाल प्रकाशाने पाहतं; जोरात पळताना हात हलतो आणि घड्याळ ठोक्यांऐवजी पावलंच मोजू लागतं. आकडा १७० ते १८० च्या आसपास हटून बसला आणि पावलांचा वेगही तेवढाच असेल, तर तो हृदयाचा नाही. स्ट्रॅप बांधण्याआधी त्याच्या आतल्या दोन्ही पट्ट्या पाण्याने चांगल्या ओल्या करा. थंडीच्या कोरड्या सकाळी घाम येईपर्यंत कोरडा स्ट्रॅप आणि सिंथेटिक टीशर्ट मिळून पहिल्या काही मिनिटांत २१० सुद्धा दाखवतात, आणि हौशी मंडळी तोच मॅक्स धरून बसतात. पट्टा छातीच्या खालच्या कडेला घट्ट हवा, धापा टाकताना घसरता कामा नये. सेल जुना असेल तर आदल्या दिवशीच बदला. घड्याळात दर सेकंदाला नोंद होण्याचं सेटिंग चालू करा.

जागा निवडताना चार ते सहा टक्क्यांचा, दोन-तीन मिनिटं सलग पळता येईल असा डांबरी चढ शोधा. पायऱ्या नकोत. पर्वतीच्या १०३ पायऱ्या दमवतात खऱ्या, पण तिथे श्वासाआधी मांड्या हार मानतात आणि चढही लवकर संपतो. घाटातला रस्ता असेल तर वाहनं सुरू होण्याआधी उरकेल अशी वेळ धरा आणि सोबत कुणाला तरी न्याच. उन्हाळ्यात ही चाचणी नको: उकाड्यात त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, पण मॅक्स काही वाढत नाही, उलट तिथवर पोचायच्या आतच आपण गळून जातो.

आधीचे दोन दिवस हलके ठेवा. ताप, सर्दी, जागरण असेल तर पुढे ढकला. दमलेलं शरीर ठोके वर नेतच नाही, त्यामुळे लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी केलेली चाचणी हमखास कमी आकडा देते. जेवणानंतर तीन तास जाऊ द्या. रोजचा चहा चालेल.

प्रत्यक्षात १५ मिनिटं सावकाश पळून अंग गरम करा, मग २० सेकंदांच्या चार झपाट्याच्या धावा. त्यानंतर चढावर दोन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, उतरताना हळू जॉग. पहिली जोरात पण आवाक्यातली, दुसरी तिच्याहून कडक, तिसरीत शेवटची ३० ते ४० सेकंदं जीव तोडून. पहिल्याच फेरीत सगळं ओतलं की पाय भरून येतात आणि आकडा अडकतो. छातीत दाब वाटला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबा. सर्वात मोठा आकडा कधी कधी थांबल्यावर काही सेकंदांनी दिसतो, म्हणून घड्याळ लगेच बंद करू नका. धप्पकन बसूही नका. रक्त पायात साचून चक्कर येते. दहा मिनिटं चाला.

घरी आलेख पाहताना एका सेकंदापुरती उडालेली टोकं सोडून द्या आणि पाच सेकंद तरी टिकलेला वरचा आकडा धरा. आठवड्याने पुन्हा करा, दोन्हींतला मोठा ठेवा. हा पळण्याचा मॅक्स आहे. सायकलवर तो बरेचदा पाच-दहा ठोक्यांनी कमी येतो, पोहताना आणखी कमी.

मग घड्याळातला वयावरून बसलेला आकडा बदला. आणि ट्रेनिंग प्लॅनमधले टक्के कशाचे आहेत ते विचारा. मॅक्स १८२ आणि सकाळी अंथरुणातच मोजलेले ठोके ५८ असतील, तर मॅक्सचे ७० टक्के म्हणजे १२७. पण कार्व्होनेन पद्धतीत दोन्हींतला फरक १२४, त्याचे ७० टक्के ८७, त्यात ५८ मिळवले की १४५. एक पद्धत धरून आखलेला प्लॅन दुसरीच्या आकड्यांनी पळालात, तर सोप्या दिवशी दमछाक तरी होते, नाहीतर कडक दिवशी नुसती रपेट.