फूटही नको, कचराही नको: लॅबच्या काचसामानाचं पॅकिंग कसं डिझाईन करायचं

पॅकिंगचा कचरा कमी करायचा म्हटलं की आधी सामानालाच कात्री लागते, बबल रॅपचे दोन थर असायचे तिथे एक, ५ प्लायच्या (पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या) खोक्याच्या जागी ३ प्लायचा, आणि मग एखादा कंडेन्सर (वाफ थंड करून तिचा द्रव करणारी काचेची नळी) फुटून पोचतो. तो नव्याने बनवा, परत पॅक करा, परत पाठवा, म्हणजे जेवढा कागद वाचवला त्याच्या कितीतरी पट वाया गेलं. म्हणून माझं म्हणणं असं की पहिली मेहनत वस्तूवर घ्या, ती कुठे मजबूत आहे आणि कुठे कच्ची आहे हे शोधा. मजबूत जागी पकडायचं, कच्ची जागा हवेत मोकळी सोडायची, एवढं जमलं की सामान आपोआपच कमी लागतं.

कंडेन्सरच घ्या. बाहेरची जाड नळी चांगली भक्कम असते, पण पाणी आत-बाहेर जायच्या दोन छोट्या तोट्या जिथे त्या नळीला जोडलेल्या असतात तो जोड सगळ्यात नाजूक. सगळीकडून बबल रॅप घट्ट गुंडाळलं की वरून आलेला दाब थेट त्या तोटीवर जातो आणि ती मुळातून तुटते, म्हणजे रॅप भरपूर होतं तरी फुटलंच. त्यापेक्षा पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांना गोल खाचा कापा, त्यात जाड नळी बसवा आणि तोट्यांच्या आजूबाजूला काहीच ठेवू नका. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कला गोल पोट धरा, लांब मानेवर दाब नको. पिपेट पूर्ण लांबीवर आडवी टेकलेली हवी पण तिचं टोक कशालाही लागता कामा नये, सरकू नये म्हणून अडण लावायची ती वरच्या तोंडाच्या बाजूला. ब्युरेटची चावी (खालचा छोटा नळ) काढता येत असेल तर काढून वेगळी ठेवा, आणि घासलेल्या काचेचे जोड एकमेकांत घालून पाठवायचेच असतील तर मधे पातळ कागदाची पट्टी द्या, नाहीतर ते जाम होतात.

आणखी एक, लॅबची काच बोरोसिलिकेट आहे म्हणजे दणकट आहे असं समजू नका. ती काच गरम-थंडाचा झटका सहन करते कारण ती तापली तरी फार कमी प्रसरण पावते, आपटण्याशी त्याचा काही संबंध नाही. काच दाबाला मजबूत पण ताणाला कच्ची असते आणि तडा बहुतेक वेळा पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यापासून सुरू होतो, त्यामुळे दोन बीकर प्रवासभर एकमेकांना घासत आले तर अख्खे पोचले तरी कमजोर होऊनच पोचलेत. काचेला काच कधीच लागू द्यायची नाही.

आता उशी किती जाड ठेवायची ते. खोका ७६ सेंमी वरून पडला आणि उशी २.५ सेंमी दबून वस्तू थांबली तर वस्तूला बसणारा सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या ३० पट होतो, ७६ भागिले २.५ एवढा सोपा हिशोब आहे, आणि सर्वात जोरात बसणारा झटका साधारण त्याच्या दुप्पट धरून चला. दबायचं अंतर वाढलं की झटका कमी. पण इथेच बरेच जण फसतात कारण जाड उशी आणि दबणारी उशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलका फ्लास्क कडक फोमच्या अख्ख्या लादीवर ठेवला तर फोम दबतच नाही, ती लादी लाकडासारखी वागते. उलट जड बाटली मऊ फोमवर ठेवली तर फोम पूर्ण चेपून खोक्याच्या तळाला टेकतो आणि पुढचा धक्का सरळ काचेला. महत्त्वाचं काय तर वस्तूचं वजन भागिले ती जेवढ्या जागेवर टेकली आहे ते क्षेत्रफळ. हा आकडा बदलला की झटका किती बदलतो याचा आलेख फोम बनवणाऱ्यांकडे मिळतो, वाटीसारखा आकार असतो त्याचा, वाटीच्या तळाला झटका सर्वात कमी, आपण त्याच्या आसपास राहायचं. म्हणजे हलक्या वस्तूला अख्खी लादी नकोच, दोन-तीन अरुंद पट्ट्या द्या, त्या नीट दबतात आणि फोमही कितीतरी कमी लागतो. कमी सामानात जास्त संरक्षण मिळतं ते असं!

मटेरियल कोणतं घ्यायचं? एकदाच जाणारं पार्सल असेल तर पुठ्ठ्याचे इन्सर्ट किंवा कागदाच्या लगद्याचे साच्यातले ट्रे, म्हणजे खोका, आतलं सामान आणि कागदी गोंदपट्टी सगळं एकाच कागदाच्या रद्दीत जातं. लगदा एकदा चेपला की परत फुगत नाही हे मात्र लक्षात ठेवा, वारंवार वापरायचं असेल तर पॉलिथिलीन फोम आणि दणकट क्रेट बरे, पण क्रेट खरंच परत येणार असेल तरच, न येणारा क्रेट म्हणजे नुसता जास्तीचा प्लास्टिक कचरा. पुठ्ठ्याला फोम चिकटवू नका, मग दोन्ही रिसायकल होत नाहीत. खोक्यातली रिकामी जागा भरायला मिळणारे हलके सुटे दाणे भरायचं टाळाच, प्रवासात खोका हलत राहतो, दाणे सरकतात आणि जड वस्तू हळूहळू तळाशी जाऊन बसते. आणि कागदाचा धुरळा ज्यांना चालत नाही त्या वस्तूंना आधी एक पातळ स्वच्छ पिशवी घालाच, तिथे काटकसर नको.

खोका वस्तूच्या मापाचा हवा, सगळ्या सहा बाजूंनी साधारण ५ सेंमी जागा बरीच वेळा पुरते पण ती जागा उशीने धरलेली हवी. पुठ्ठ्यातल्या लाटा उभ्या ठेवा, रचलेल्या खोक्यांचं वजन त्याच पेलतात, त्यातही मुख्यतः चार उभे कोपरे. दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद चांगलीच उतरते तेव्हा गोदामात रचून ठेवायचं असेल तर थोडी जास्त ताकद धरून डिझाईन करा.

मग टेस्ट. इस्टा १ए नावाची पॅकिंग तपासायची ठरलेली पद्धत आहे, त्यात १० किलोच्या आतला खोका ७६ सेंमी वरून १० वेळा पाडतात, एक कोपरा, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडा आणि मग सहाही बाजू. याची कच्ची आवृत्ती घरच्या घरी करता येते, रिजेक्ट झालेला तेवढ्याच वजनाचा आणि आकाराचा पीस घ्या, पाडा, उघडा, बघा. पाडायच्या आधी खोका कानाशी धरून हलवा, किणकिण ऐकू आली तर तिथेच थांबा आणि आधी तो आवाज बंद करा. सगळं टिकलं तर एक पट्टी काढून परत पाडा, असं करत फुटायच्या आधीच्या टप्प्याला पोचलात की त्यावर थोडी सुरक्षितता ठेवून डिझाईन पक्कं करा.

हे सगळं रिकाम्या, स्वच्छ काचसामानासाठी आहे. केमिकल किंवा जैविक सॅम्पल भरलेलं असेल तर त्याचे स्वतःचे नियम असतात, यूएन ३३७३ च्या (त्यातल्या त्यात कमी धोक्याच्या जैविक) सॅम्पलला तीन थरांचं पॅकिंग लागतं आणि ते १.२ मीटरवरून पडून टिकायला हवं, त्यातला एकही थर कचरा वाचवायला काढायचा नाही. वापरलेलं सामान परत येणार असेल तर ते धुऊनच खोक्यात घाला असं झाकणाच्या आतल्या बाजूला छापा, आणि शेजारीच ट्रे कोणत्या क्रमाने काढायचे आणि परत कसे बसवायचे याचं साधं चित्र द्या, नाहीतर उघडणारा माणूस घाईत सगळं ओढून काढतो आणि तोटी तुटते ती लॅबच्या टेबलावर.