व्हीपीएन जोडलं जातं, पण ऑफिसचा सर्व्हर उघडत नाही: माझा अनुभव

घरच्या वाय-फायवर व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित मार्ग) ‘कनेक्टेड’ दाखवायचं, मेल चालायचा, पण ऑफिसचा फाइल सर्व्हर (१९२.१६८.१.२०) काही उघडायचा नाही. मोबाइल हॉटस्पॉटवर मात्र लगेच. व्हीपीएन काढून परत टाकलं, फायरवॉल बंद करून पाहिली, डीएनएस बदललं, फरक शून्य. ऐन मीटिंगच्या वेळी डोकं फिरायचं.

उलगडा हॉटस्पॉटमुळे झाला. घरचा राउटर १९२.१६८.१.१ वर, म्हणजे घर आणि ऑफिस दोन्हीकडे आयपीचा (नेटवर्कवरच्या पत्त्यांचा) पट्टा एकच, १९२.१६८.१ ने सुरू होणारा. लॅपटॉप तो सर्व्हर घरातच शोधतो, व्हीपीएनकडे विनंती जातच नाही. हॉटस्पॉटचा पट्टा वेगळा, म्हणून तिथे चालतं.

उपाय याच क्रमाने करा. आधी व्हीपीएन बंद. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरमध्ये लॉगिन करा. लॅन (घरातलं नेटवर्क) सेटिंगमध्ये राउटरचा आयपी १९२.१६८.८७.१ करा; सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० तसाच राहू द्या. त्याच पानावर डीएचसीपीचा (उपकरणांना आपोआप आयपी देणाऱ्या सोयीचा) पट्टा १९२.१६८.८७.१०० ते १९२.१६८.८७.२०० करा (काही राउटर तो आपोआप बदलतात, तरी बघून घ्या). सेव्ह करा. राउटर रीस्टार्ट होईल आणि पान अडकल्यासारखं दिसेल. घाबरू नका, पत्ता बदललाय. लॅपटॉपचं वाय-फाय बंद-चालू करा, आयपी ८७ च्या पट्ट्यातला मिळाला का ते तपासा आणि मगच व्हीपीएन जोडा.

८७ च्या जागी दुसरा आकडा चालेल, फक्त ० आणि १ नको. बहुतेक राउटर तिथेच बसलेले असतात. प्रिंटर किंवा कॅमेऱ्याला कायमचा आयपी दिला असेल तर तोही नव्या पट्ट्यात घ्यावा लागतो.