ओ-टूला चालतं, ओ-झिरोला लिंकर अडतो

अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यासाठी यंत्रमागांचे फेरे मोजणारा सी प्रोग्राम सांभाळतो. ओ-टूला (-O2, कोड वेगवान करणारा कंपायलरचा पर्याय) बिल्ड सुरळीत. डीबगसाठी ओ-झिरो (-O0, ऑप्टिमायझेशन बंद) केलं की लिंकर, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा प्रोग्राम, म्हणे, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’: फंक्शन सापडत नाही. फंक्शन तर समोर हेडरमध्ये, नुसतं ‘इनलाइन’ लिहिलेलं!

गोम अशी: ओ-झिरोला जीसीसी हा कंपायलर असं फंक्शन कॉलच्या जागी उतरवत नाही, सरळ कॉल टाकतो. आणि सी९९च्या (सी भाषेचं १९९९चं मानक) नियमाने नुसत्या ‘इनलाइन’ची बाहेरून सापडेल अशी प्रत बनतच नाही. ओ-टूला छोट्या फंक्शनचा कॉलच उरत नाही, म्हणून दोष झाकला जातो. जीसीसी ५पासून (२०१५) हाच नियम डीफॉल्ट. जुना कोड इथेच ठेचकाळतो.

‘स्टॅटिक इनलाइन’ केलं, म्हणजे प्रत्येक सी फाइलला स्वतःची प्रत, आणि दोन्ही बिल्ड झाले. एकच प्रत हवी असेल तर एका सी फाइलमध्ये हेडर घेऊन ‘एक्स्टर्न इनलाइन’ची घोषणा द्या. केवळ लिंकर गप्प बसावा म्हणून ओ-टू कायम ठेवणं मला पटत नाही. डीबगरमध्ये निम्मी व्हेरिएबल्स दिसेनाशी होतात.