कूलंट जातं कुठे? गरम होणाऱ्या गाडीची गळती अशी शोधा

गाडी गरम झाली की कूलंटच्या टाकीत पाणी ओतायचं आणि पुढे निघायचं, असं करणारे खूप जण माझ्याकडे येतात. मी त्यांना आधी एकच विचारतो: ओतलेलं पाणी गेलं कुठे? कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, बंद वाटेनेच फिरतं. ते सारखं भरावं लागत असेल, तर एक तर बाहेर गळतंय किंवा इंजिनात जळतंय. ती जागा सापडेपर्यंत थर्मोस्टॅट बदल, पंखा बदल, असं काही मी कुणाला करू देत नाही.

आधी जिवाचं बघा. गरम इंजिनावर रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण उघडायचं नाही, हातावर जाड फडकं घेऊनही नाही. आत साधारण 1 बार जादा दाब असतो आणि त्या दाबामुळेच कूलंट 120 अंशांच्या आसपासही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब उतरतो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. तपासणी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करा. इंजिन बंद असलं तरी पंखा कधीकधी आपोआप सुरू होतो, म्हणून गरम गाडीत पंख्याजवळ हात नेऊ नका.

टाकीतली पातळी कमाल आणि किमान खुणांच्या मध्ये आहे का ते पाहा आणि पेनाने रेघ मारून ठेवा. गाडीखाली मोठा कोरा पुठ्ठा पसरा. डाग पडला की बोटावर घ्या. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याला रंग नाही, वास नाही. कूलंट किंचित बुळबुळीत लागतं आणि गोडसर वास येतो. चव मात्र अजिबात घेऊ नका, बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी आहे. सांडलेलं लगेच पुसा, कारण कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यात मरतात.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. डाग जिथे पडला, गळती तिथेच असेल असं धरू नका. चालत्या गाडीत वारा थेंब मागे ढकलतो, खालच्या कव्हरवरून ते भलतीकडे वाहत जातात. टॉर्च घ्या आणि ओल्या जागेपासून वर वर जात राहा. ओल मिळाली नाही तर खपली शोधा. बारीक गळती गरम इंजिनावर ठिबकण्याआधीच वाळते आणि मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी थर राहतो, कूलंटच्या रंगाप्रमाणे. ओलीपेक्षा माझा या खपलीवर जास्त विश्वास आहे. होज पाइपची टोकं क्लिपच्या खालून बघा, वरून नाही. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दाबून बसवलेली असते, ती कड बोट फिरवून पाहा. वॉटर पंपाच्या शाफ्टखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, यासाठीच ते ठेवलेलं असतं. तिथून खाली खपलीची रेघ ओघळलेली दिसली तर पंप बदला. भोक बुजवून टाकू असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा.

डोळ्यांना काहीच दिसलं नाही तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर लावून घ्या. गार इंजिनावर, झाकणावर लिहिला असेल तेवढाच दाब द्यायचा आणि पंधराएक मिनिटं काट्याकडे बघायचं. काटा उतरला म्हणजे कुठेतरी वाट आहे. झाकणही त्याच यंत्रावर तपासायला सांगा. त्याची स्प्रिंग ढिली पडली की सगळी नळजोडणी धडधाकट असूनही कूलंट बाहेर फेकलं जातं, आणि हे स्वस्त कारण फार वेळा शेवटी आठवतं.

गाडीच्या आतही बघा. पुढच्या सीटखालचा गालिचा दमट, काचेवर पुसूनही न जाणारी तेलकट वाफ आणि तोच गोडसर वास, म्हणजे हीटरची जाळी गळते.

बाहेर, आत कुठेच काही नाही, तरी रेघेखाली पातळी उतरतेच? मग हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचा भाग (हेड) यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्या. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर, गाडी सुरू असताना टाकीत सतत बुडबुडे, सुरू केल्यावर थोड्याच वेळात कडक होणारा वरचा होज, डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) दुधाळ ऑइल, ही त्याची लक्षणं. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा साका असेल तर घाबरू नका, थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही धरतो. खात्रीसाठी टाकीतली हवा निळ्या रसायनातून ओढून पाहतात. इंजिनातला जळका वायू त्यात असेल तर निळा रंग पिवळट होतो.

रंग बदलला तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. तापलेल्या इंजिनावर अजून थोडं अंतर काढलं तर हेड वाकतं, आणि मग नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही.