आडत दुकानाच्या प्रोग्रामला मराठी कशी जोडायची

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी मी पायथनमधी पट्टीचा (शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या कागदाचा) प्रोग्राम केला होता, सगळा इंग्रजीत, आणि मुनीमजी दर बटणाला मला हाक मारायलेत, मग बसून त्याला मराठी जोडली. तुम्हाला पण करायचं असेल तर असं करा.

पायथनमधी गेटटेक्स्ट, म्हणजे प्रोग्रामची वाक्यं दुसऱ्या भाषेत दाखवायची सोय, आधीच असतं. स्क्रीनवर दिसणारं प्रत्येक वाक्य अंडरस्कोअर ( _ ) नावाच्या फंक्शनमधी टाकायचं. त्यात एफ-स्ट्रिंग (वाक्यातच थेट किंमत भरायची पायथनची पद्धत) अजिबात वापरू नका, कारण शेतकऱ्याचं नाव, वजन वगैरे आधीच भरलं जातं आणि त्या भरलेल्या वाक्याचं भाषांतर फाईलमधी नसतंच, मग इंग्रजीच दिसतं. रिकाम्या जागेला नाव द्या आणि भाषांतर हातात आल्यावर फॉरमॅटनं भरा.

मग एक्सगेटटेक्स्ट चालवा (हे टूल वेगळं इन्स्टॉल करावं लागतं), तो सगळी वाक्यं गोळा करून पॉट फाईल (भाषांतराचा कोरा नमुना) देतो, त्यावरून एमएसजीइनिटनं मराठीची पीओ फाईल (हिच्यात भाषांतर लिहायचं) बनवा, भाषेचा कोड एमआर. ही फाईल पोएडिट या भाषांतराच्या प्रोग्राममधी उघडली की काम सोपं जातं.

खरी मेहनत वाक्यांत आहे. इंग्रजीत एकच वाक्य सगळ्या मालाला चालतं, आपल्याकडं तूर जमा झाली, हरभरा जमा झाला, सोयाबीन जमा झालं, तिघांचं क्रियापद वेगळं. बरं "ची नोंद झाली" लिहावं तर तुरीची, हरभऱ्याची, म्हणजे नावच बदललं! मी शेवटी "माल जमा झाला: तूर" असं केलं, मालाचं नाव शेवटी एकटं ठेवलं की कुठंच अडत नाही. तुकडे जोडून वाक्य बनवायचा नाद सोडा.

तसंच बॅलन्स हा शब्द माझ्या कोडमधी दोन ठिकाणी होता, गोदामात ती शिल्लक, खात्यात ती बाकी. यासाठी पीगेटटेक्स्ट वापरा, पायथन ३.८ पासून आहे, त्यात शब्दासोबत संदर्भ देता येतो. आणि १ कट्टा (पोतं), ५ कट्टे यासाठी एनगेटटेक्स्ट, मराठीला दोनच रूपं लागतात, शून्याला पण कट्टेच.

शब्द मात्र मुनीमजींना विचारूनच घ्या, हमाली, तोलाई, बारदाना हे त्यांच्या तोंडचे शब्द असताना डिक्शनरीतले कशाला.

झालं की एमएसजीएफएमटीनं पीओवरून एमओ फाईल (प्रोग्राम हीच वाचतो) बनवा आणि लोकेल फोल्डरात एमआर, त्याच्या आत एलसी_मेसेजेस, तिथं ठेवा.

पुढं इंग्रजी वाक्य बदललं तर नवी पॉट काढून एमएसजीमर्ज चालवा. तो जवळपास जुळणाऱ्या जुन्या भाषांतराला फझी (म्हणजे तपासायचं बाकी) म्हणून खूण करतो आणि फझी ओळी एमओमधी जातच नाहीत, म्हणून एखादं बटण अचानक परत इंग्रजीत दिसलं तर आधी तिथंच बघा, ओळ तपासून खूण काढा आणि एमओ परत बनवा.