ठगांच्या जबान्या पुन्हा तपासताना

माळव्याच्या वाटांवर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाहीशा झालेल्या वाटसरूंचा शोध इंदुरात बसून घेणाऱ्याने वाटसरूंना मारून लुटणाऱ्या ठगांच्या टोळ्यांविरुद्ध इंग्रजांची मोहीम चालवणाऱ्या कर्नल स्लीमनच्या कथनापासून नव्हे, तर एका प्रकरणातल्या एकाच जबानीपासून सुरुवात करावी. त्या मोहिमेच्या ठगी खात्याचे मूळ कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

जबानी देणारा माफीचा साक्षीदार होता का, हे आधी पाहावे. फाशी टाळायची तर त्याला नवी नावे पुरवत राहणे भाग होते, आणि असे साक्षीदार तुरुंगात एकत्र राहत असल्यामुळे तीन जबान्या जुळल्या म्हणजे तीन पुरावे मिळाले असे धरता येत नाही. शिवाय १८३६च्या ३०व्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरवल्यावर अमक्याचा खून तमक्यानेच केला हे सिद्ध करण्याची निकड उरली नाही.

सांगाड्यांचा पुरावा अधिक भक्कम वाटतो. फिरंगिया या साक्षीदाराने स्लीमनचे तंबू पडले होते त्याच आमराईत प्रेते पुरल्याच्या जागा दाखवल्या आणि खणल्यावर सांगाडे निघाले. यावरून खून झाले आणि सांगणाऱ्याला जागा ठाऊक होती, एवढे ठरते. मेलेले कोण आणि मारणारे कोण, हे ठरत नाही.

सर्वांत जास्त वेळ तिथीवर घालवावा, कारण घोळ तिथेच होतो. होळकर दरबारचे मोडी कागद अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे, महिने धरतात, तर माळव्यातला हिंदी बोलणारा साक्षीदार पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारे. म्हणून त्याचा ‘कार्तिक वदी’ हा आपला आश्विन वद्य होय. हे लक्षात न घेतल्यास दिवाळीआधी नाहीसा झालेला वाटसरू महिनाभर उशिरा, दिवाळीनंतर, गायब झाला असे वाटते आणि खरी साक्ष खोटी ठरते. कागदावर सुहूर सन (मराठी दफ्तरांतली मृगापासून सुरू होणारी कालगणना) असेल तर इसवी सनासाठी त्यात ५९९ मिळवावेत, मात्र जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांसाठी ६००.

मग दुसरी बाजू पाहावी: पेढ्यांची पत्रे, न वटलेल्या हुंड्या, दरबाराकडे आलेल्या फिर्यादी. नातेवाइकांनी ओळखलेला ऐवज कबुलीपेक्षा वजनदार मानावा. ज्याची फिर्याद कुठेच सापडत नाही त्याचे नाव मात्र खोडू नये, कारण रजेवर निघालेल्या शिपायासाठी किंवा गरीब यात्रेकरूसाठी कोणतीही पेढी पत्र लिहीत नसे. अशा नोंदीपुढे ‘केवळ जबानी’ असा शेरा मारून ती वेगळ्या वहीत उतरवावी.