जुनी कॉम्प्युटराइज्ड दुर्बीण घेताना: काच वेगळी तपासा, मोटर वेगळी मोजा

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत परभणीला एका निवृत्त विज्ञान शिक्षकांकडे जुनी दुर्बीण बघायला गेलो होतो. सहा इंची, बटण दाबलं की तारा स्वतः शोधणारी. सरांनी फोनवरच सांगून टाकलं होतं, "कॉम्प्युटर गेलाय बरं का तिचा, नळी तेवढी चांगली आहे." गच्चीवर मांडली, तीन तारे दाखवले, की रिमोटवर तेच उत्तर: अलाइनमेंट फेल्ड, म्हणजे ताऱ्यांशी जुळणी झाली नाही. मग सरांनी टाकलेली तारीख पाहिली. 5 फेब्रुवारी म्हणून त्यांनी 05/02 टाकलं होतं. दुर्बिणीला महिना आधी लागतो, त्यामुळे तिच्या लेखी तो दिवस 2 मे होता. आकडे उलटे केले, पुन्हा तीन तारे दाखवले, आणि घरघर करत ती मृगाकडे वळली. तेजोमेघ दृश्यात मधोमध. सरांनी डोळा लावला तो किती तरी वेळ काढलाच नाही. दुर्बीण विकायचा विचार त्यांनी तिथेच सोडला. मी रिकाम्या हाताने परत आलो, पण त्या रात्रीचा आनंद अजून मनात आहे.

अशा दुर्बिणीत एक नाही, दोन वस्तू असतात, हे आधी लक्षात घ्या. एक काच: भिंग, आरसे, नळी. नीट ठेवली तर वीस वर्षांनीही ती तितकीच चांगली चालते. दुसरी मोटर, बोर्ड आणि रिमोट. या वस्तू वयाने थकतात आणि गेल्या की सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात. तपासणी दोन्हींची वेगळी करायची आणि किंमतही वेगळी लावायची.

निघण्याआधी फोनवर

मॉडेलचं पूर्ण नाव, नळीवरचा आकड्यांचा स्टिकर, रिमोटचा फोटो आणि सोबत काय काय मिळणार ते मागवून घ्या. शेवटची कधी वापरली आणि पावसाळ्यात कुठे ठेवली होती, हे दोन प्रश्न नक्की विचारा. "पेटीतच होती, पाच वर्षं उघडलीच नाही" हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण बंद फोमच्या पेटीत दमट हवा कोंडते आणि काचेवर बुरशी धरते. "600 पट मोठं दिसतं" असं कोणी सांगितलं तर त्यावर भाव ठरवू नका. आरशाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला दोन पट ही वरची मर्यादा धरतात. म्हणजे 150 मिलिमीटरच्या दुर्बिणीला 300, आणि आपल्या हवेत बहुतेक रात्री त्याहून कमी.

मीडच्या दुर्बिणी जुन्या बाजारात बऱ्याच येतात. ती कंपनी 2021 मध्ये अमेरिकेतल्या ओरायन या दुर्बीण कंपनीच्या मालकांकडे गेली आणि 2024 मध्ये ओरायनचाच कारभार बंद पडला. काच उत्तम असते, पण रिमोट किंवा बोर्ड गेला तर नवा मिळणं अवघड. भाव करताना हे धरा.

दिवसा: काच

संध्याकाळच्या दोन तास आधी पोहोचा. दिवसा तपासताना दुर्बीण सूर्याच्या दिशेने नेऊ नका, आणि वरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचं झाकणही काढू नका. जुन्या सामानात आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावायचा काळा सोलर फिल्टर निघाला तर तो वापरू नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. तापून तो तडकतो आणि क्षणात डोळा जातो.

आता खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका धरा. अशा उजेडात चांगली काचही भयंकर दिसते, घाबरू नका. धूळ, बारीक ठिपके यांनी चित्र बिघडत नाही. शोधायची ती बुरशी: कोळ्याच्या जाळ्यासारखे, एका बिंदूपासून फाकत गेलेले बारीक धागे. कडेला एखाददुसरा असेल तर निघू शकतो. मधोमध पसरली असेल तर तिने काचेवरचा लेप खाल्लेला असतो, पुसून तो परत येत नाही. पुढची काच विक्रेत्याने कापडाने घासलेली असेल तर गोल गोल ओरखडे दिसतील, तेही पाहा. मग नळीत आत डोकावून मागच्या आरशाची चमक सगळीकडे सारखी आहे का ते बघा.

फोकसचं बटण दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. कुठे अडकू नये, कुठे मोकळं सुटू नये.

मोटर: कान लावून ऐका

आपलं पॉवर अडॅप्टर सोबत न्या. बहुतेक दुर्बिणींना 12 व्होल्ट लागतात, पण स्टिकर वाचूनच लावा, आणि पिनेचं धन टोक आत आहे की बाहेर तेही जुळवा. उलटं लागलं तर बोर्ड जळतो. घरातल्या वायफाय राउटरचं अडॅप्टर पिनेला बसतं म्हणून लोक तेच लावतात, पण ते बऱ्याचदा एक अँपिअरचं किंवा त्याहून कमी असतं. मोटर जोरात फिरायला लागली की ताकद अपुरी पडते आणि रिमोट बंद पडून पुन्हा सुरू होतो. किमान 2 अँपिअरचं न्या. सेल घालायची पेटीही उघडून बघा; पांढरी-हिरवी पूड दिसली तर सेल आत फुटलेले आहेत.

सेलेस्ट्रॉनच्या नेक्सस्टार दुर्बिणींवर 'नो रिस्पॉन्स 16' किंवा '17' असं येतं, ते पाहून पुष्कळ जण आशा सोडतात. 16 म्हणजे आडवी मोटर आणि 17 म्हणजे उभी मोटर रिमोटला उत्तर देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आधी चांगलं अडॅप्टर लावा, रिमोटची वायर काढून घट्ट बसवा. तरीही तेच आलं तर मात्र बोर्ड किंवा वायर गेली असं धरून चाला.

वेग कमाल करून चारही बाण दाबा, आडवी पूर्ण फेरी होऊ द्या. एकसारखी घरघर चांगली. मध्येच कटकट, चिरकणं किंवा दर फेरीत एकाच जागी आवाज बदलणं म्हणजे दात झिजलेत किंवा तुटलेत. मग वेग अगदी कमी करून बाण दाबा: नळी दोन-तीन सेकंदांत हलायला लागली तर ठीक, दहा-बारा सेकंद गेले तर गिअर फार सैल आहेत. बंद असताना नळी हळूच हलवून बघा. थोडा खेळ असतो, खडखड नसावी.

रात्री: खरी परीक्षा

हे केल्याशिवाय पैसे देऊ नका. ढग असतील तर दुसरा दिवस ठरवा, आणि पावसाळ्यात व्यवहारच करू नका.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या स्लॅबमधून रात्री दहापर्यंत आग निघते. त्या गच्चीवर उत्तम दुर्बिणीतही तारा पाण्याखाली असल्यासारखा लवलवतो. अंगण, खळं किंवा मातीची जमीन गाठा आणि दुर्बीण अर्धा-पाऊण तास बाहेर निवू द्या.

तारीख महिना आधी लिहून टाका. वेळेचा पट्टा (टाइम झोन) +5:30 द्या. जुन्या रिमोटवर अर्ध्या तासाचा पट्टा नसेल तर शून्य पट्टा निवडा आणि घड्याळातून साडेपाच तास वजा करून वेळ टाका: रात्री 8 ऐवजी 14:30. ठिकाण अंश-मिनिटांत द्यायचं. परभणी 19 अंश 16 मिनिटं उत्तर, 76 अंश 47 मिनिटं पूर्व. छत्रपती संभाजीनगर 19-53 आणि 75-20. नांदेड 19-09 आणि 77-19. लातूर 18-24 आणि 76-34. रेखांशापुढे पूर्व आहे ना, ते पुन्हा एकदा बघा.

रिमोट ताऱ्यांची नावं परकी दाखवतो, म्हणून एवढी पाठ ठेवा. हिवाळ्यात व्याध म्हणजे सिरियस, रोहिणी म्हणजे अल्डेबरान, ब्रह्महृदय म्हणजे कपेला, काक्षी म्हणजे बीटलज्यूस. उन्हाळ्यात मघा म्हणजे रेग्युलस, चित्रा म्हणजे स्पायका, स्वाती म्हणजे आर्क्टुरस. दिवाळीच्या सुमारास अभिजित म्हणजे व्हेगा, श्रवण म्हणजे अल्टेअर. तारा मध्यावर आणताना शेवटचा हात वरच्या आणि उजव्या बाणाचा ठेवा, म्हणजे गिअरमधली सैल जागा भरून निघते.

जुळणी झाली की आकाशाच्या वेगवेगळ्या भागांतले पाच तारे मागा. कमी शक्तीच्या आयपीसमध्ये पाचही दिसले तर दुर्बीण पास. मग गुरू, शनी किंवा एखादा तेजस्वी तारा मध्यावर ठेवून वीस मिनिटं चहा घ्या. परत आल्यावर तो दृश्यातच असायला हवा. ध्रुवावर ही परीक्षा घेऊ नका, तो जवळजवळ जागचा हलतच नाही.

काचेसाठी एक तेजस्वी तारा घ्या आणि फोकस थोडा सोडा. एकात एक गोल कडी दिसतील. आरशाच्या दुर्बिणीत मधे काळा ठिपका असतो, तो नीट मध्यात हवा. एका बाजूला सरकला असेल तर आरसे हलले आहेत. स्क्रूने जुळतात, हा दोष मानू नका. पण कडी फोकसच्या एका बाजूला उभी लांबट आणि दुसऱ्या बाजूला आडवी लांबट दिसली तर काचेतच खोट आहे, तिथे थांबा. सप्तर्षी वर असतील तर वसिष्ठाकडे वळा. अरुंधती तर डोळ्यांनीही दिसते, पण दुर्बिणीत खुद्द वसिष्ठाचे दोन तारे स्वच्छ वेगळे व्हायला हवेत.

भाव

विक्रेत्याचं जुनं बिल बाजूला ठेवा आणि तेच किंवा त्याच्या जवळचं मॉडेल आज भारतात केवढ्याला मिळतं ते पाहा. समजा 1,00,000 रुपये. मी त्याचे भाग असे पाडतो: नळी आणि काच 50,000, मोटर, माउंट (नळी धरून फिरवणारा भाग) आणि रिमोट 40,000, आयपीस, तिपाई वगैरे 10,000. काच स्वच्छ असेल तर तिचे 70 टक्के, म्हणजे 35,000. रात्रीच्या परीक्षेत पास झालेल्या मोटरचे निम्मे, 20,000. सामानाचे निम्मे, 5,000. एकूण 60,000. यापुढे जायचं तर पेटी, बिल, जास्तीचे आयपीस असं काही ठोस हवं.

मोटर मेलेली असेल तर तिचे पैसे शून्य धरा: 40,000. सुटे भाग मिळत नसतील तर चालत्या मोटरचेही 20,000 ऐवजी 10,000 च द्या. कडेची बुरशी असेल तर काचेतून एक तृतीयांश कमी करा. मधोमध बुरशी असेल तर नमस्कार करून निघा.

भाव कमी सांगताना दोष विक्रेत्याला दाखवा, त्यालाही आयपीसला डोळा लावू द्या. "सर, हा आवाज ऐका" म्हटलं की घासाघीस राहत नाही, हिशेब होतो. आणि तारीख-वेळ चुकल्यामुळेच दुर्बीण 'बिघडली' असेल तर ते सौदा होण्याआधी सांगा. मोटर मेली समजून कोणी 40,000 मागत असेल आणि ती चालते हे फक्त तुम्हाला कळलं असेल, तर ते वरचे 20,000 त्यांचेच आहेत.

नेताना नळी माउंटवरून काढा, गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर आडवी ठेवा, डिकीत नको. आठ इंची दुर्बीण सगळी मिळून 15 किलोच्या आसपास भरते, त्यामुळे एसटीने जायचं तर दोघं जण जा. घरी पोहोचल्यावर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ऊन पडलं की पेटी उघडून काचेला वारा लागू द्या.